आजींच्या बोटांनी निघाला पाहिजे

ट्रायलच्या दिवशी मुलगी आरशापासून दारापर्यंत चालत गेली आणि परत आली, तेवढ्यात गाऊनचा गळा दोन बोटं खाली उतरला होता. तिनं तो हातानं वर ओढला. पुन्हा चार पावलं, पुन्हा खाली. लग्नाला अकरा दिवस राहिले होते. चूक माझी होती, आणि बावीस वर्षं शिलाई करून ती मला आधी दिसली नाही याचं अजून वाईट वाटतं.

राजारामपुरीत माझं दुकान आहे. रोजचं काम ब्लाउज, घागरे, पैठणीचे ड्रेस. पांढरे गाऊन वर्षाला पाच-सहा, तेही बहुतेक इथल्या ख्रिस्ती घरांतले. ही घरं कोल्हापुरात जुनी. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली इथे आले, त्यांच्या नावाचं चर्च आजही आहे. पूर्वी या घरांतल्या नवऱ्या पांढरी साडी नेसून डोक्यावरून नेट घ्यायच्या. या मुलीची आजीही तशीच उभी राहिलेली. नातीला मात्र एकात दोन हवं होतं. चर्चमध्ये बाह्या आणि मागे लांब घोळ, संध्याकाळी रिसेप्शनला बिनबाह्यांचा सरळ गाऊन. वरचा घेर सुटा, बाह्या सुट्या.

आईला ते पटत नव्हतं. "काढ-घाल करायचं म्हणजे नाटकातल्या कपड्यासारखं नाही का दिसणार, ताई?" मी त्यांना सांगितलं, ही रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात एकाच घेराला दोन चोळ्या शिवून घ्यायच्या, दिवसा बंद गळ्याची लांब बाह्यांची, रात्री उघड्या गळ्याची. राणी व्हिक्टोरियानं १८४० मधल्या आपल्या लग्नाची लेस पुढे किती वर्षं पुन्हा पुन्हा अंगावर घातली. आणि आपल्याकडे शालूवर शेला घेतात तो तरी काय, वेगळा तुकडाच. त्या हसल्या नाहीत, पण ऐकून घेतलं.

मुलीनं मोबाइलवर फोटो आणले होते आणि सगळ्या फोटोंत तिचं लक्ष घेराकडे. मी असा ड्रेस निवडायला आलेल्या प्रत्येकीला आधी एकच विचारते, सगळं उतरवल्यावर अंगावर काय राहणार? जो राहतो तो तुझा ड्रेस. तो आधी ठरव, वरचं मग. तिनं आधी पातळ सॅटिन धरलं होतं. सॅटिनवर हुकाची जागा सुरकुतते, घेर काढला की कमरेवर काहीतरी राहून गेल्यासारखं दिसतं. म्हणून जाड क्रेप घेतलं. मांजरपाटावर आधी कच्चा गाऊन शिवला, त्यात तिला बसवलं, वाकवलं, दोन्ही हात वर करायला लावले. बाही खांद्याच्या शिवणीवर टिचबटणांनी लावली होती. हात वर करताच मागचं बटण सुटलं, तेव्हा बाहीला काखेत चौकोनी जोड घातला. रंगाचंही सांगते. क्रेप, नेट आणि लेस महाद्वार रोडवर एकाच दुकानात घेतली तरी तिघांचा पांढरा वेगळा निघाला. ट्यूबलाइटखाली सारखाच दिसतो. तिन्ही तागे दाराबाहेर उन्हात नेऊन बघितले तेव्हा नेट निळसर होतं. बदलून घेतलं.

इतकं सगळं केलं आणि वजनाकडे लक्ष गेलं नाही. नेटचे पाच थर, खाली कॅनकॅन म्हणजे घेर फुगवणारं ताठ नेट, घोळाच्या कडेला लेस. हे सगळं मी गाऊनच्या कमरेलाच आठ हुकांनी अडकवलं होतं. गळा उतरल्यावर मी घेर काढला, शेजारच्या किराणा दुकानात नेला आणि काट्यावर ठेवला. दोन किलो आठशे ग्रॅम. तेवढं ओझं ती गाऊनच्या कापडावर लटकवून चालत होती.

त्या रात्री मी सगळे हुक उसवले. घेराला त्याचा स्वतःचा पट्टा केला, आत दुहेरी बकरम म्हणजे ताठ कापड, मुलीच्या कमरेवर घट्ट बसेल असा. आता घेर कमरेच्या हाडावर टेकणार होता, गाऊनवर नाही. गाऊनला फक्त तीन बारीक नाडीचे फासे ठेवले, पट्टा सरकू नये म्हणून. पट्टा मागून बंद करायला मी चौदा छोटी, कापड मढवलेली बटणं लावली. दिसायला फार सुरेख. एका बटणाला पाऊण तास गेला असेल.

दोन दिवसांनी परत ट्रायल. गळा जागचा हलला नाही. मुलगी पायऱ्या चढून उतरून आली, मला हायसं वाटलं. आजी तोवर कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसून होत्या. उठल्या, नातीच्या पाठीमागे आल्या आणि पहिलं बटण धरलं. निघेना. संधिवातानं त्यांची बोटं सांध्यांत जाड झाली होती. दुसरं धरलं, तेही नाही.

"त्या दिवशी खोलीत हिच्याजवळ मीच असणार की," त्या म्हणाल्या. "हिची आई पाहुण्यांत असंल. हे माझ्या बोटांनी निघाय पाहिजे."

कपडा कोण घालणार हे मी विचारलं होतं. कोण उतरवणार हे विचारलंच नव्हतं. चौदाच्या चौदा बटणं मी काढली. त्या जागी पँटच्या कमरेला लावतात तसे चार मोठे चपटे हुक घेतले आणि त्यांच्यावर कापडाची पट्टी आणली, म्हणजे बाहेरून काही दिसू नये. हुक लावायच्या आधी ते आजींच्या हातात दिले. त्यांनी दोनदा लावून काढून बघितले, तिसऱ्यांदा डोळे मिटून.

लग्नाला मी गेले होते, सुई-दोरा पर्समध्ये ठेवून. गळा शेवटपर्यंत जागेवर होता. फोटो झाल्यावर हॉलच्या मागच्या छोट्या खोलीत आम्ही तिघी शिरलो. मी पुढे होणार तोच आजींनी मला हातानं मागं सारलं. पट्टी वर केली, एक, दोन, तीन, चार. घेर सुटून खाली बसला आणि कॅनकॅनमुळे तसाच जमिनीवर उभा राहिला. मुलगी त्यातून पाय उचलून बाहेर आली. बाह्यांची टिचबटणं तिनं स्वतःच काढली. आजींनी घेर उचलायचा प्रयत्न केला, जड लागला, मी एका बाजूनं धरला आणि आम्ही दोघींनी तो खुर्चीवर नीट पसरून ठेवला.

"चल," त्या नातीला म्हणाल्या, "लोकं जेवायची थांबल्यात."