दोन व्होल्ट गेले कुठे?

सुकवणीच्या भट्टीची एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप सप्लाय तोडणारा स्विच) पडायची, पण भट्टी लावल्या लावल्या कधीच नाही. अर्धा-पाऊण तास सुरळीत चालल्यावर. हीटर ५ किलोवॅटचा, २३० व्होल्टचा. एमसीबी २५ अँपिअरची. माझ्या आधी आलेल्या वायरमनने ‘हीटर जास्त करंट ओढतोय’ असं निदान केलं आणि तिथे ३२ची एमसीबी बसवून तो निघून गेला. एमसीबी पडायची थांबली. मग काही दिवसांनी पॅनेलमधून जळकट वास येऊ लागला आणि मला बोलावणं आलं.

एमसीबी पडते म्हणून मोठी बसवणं हा प्रकार मला सहन होत नाही. ती का पडते हे शोधायचं काम असतं, तिला गप्प करायचं नसतं. आणि ‘जास्त करंट’ म्हणणाऱ्याने क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) लावून बघितलाच नव्हता, हे मला लवकरच कळलं.

पॅनेल उघडण्याआधी मी हीटरच्या पाटीवरचे आकडे वहीत घेतले. ५००० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे २१.७ अँपिअर. २३० भागिले २१.७, म्हणजे हीटरचा रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध) १०.६ ओहम. मीटर काय दाखवायला हवा हे आधी लिहिलेलं नसेल, तर समोर येणारा कुठलाही आकडा बरोबरच वाटतो.

भट्टी पूर्ण तापल्यावर क्लॅम्प लावला. २१.४ अँपिअर. जास्त सोडाच, थोडा कमीच. मानकाप्रमाणे २५ची एमसीबी १.१३ पट करंटला, म्हणजे सव्वाअठ्ठावीस अँपिअरला, तासभर तरी पडता कामा नये. मग ती २१.४ला पडत का होती?

सुपरवायझर म्हणाले, “साहेब, रेझिस्टन्स चेक झालाय, सगळं ओके आहे. रजिस्टरमध्ये लिहिलंय.” लिहिलेलं होतं खरं. सप्लाय बंद करून, मल्टिमीटर ओहमवर ठेवून घेतलेली नोंद होती ती.

मी हीटरच्या टोकांवर व्होल्टेज मोजलं, तर २२६. भागिले २१.४, उत्तर १०.५६ ओहम. हीटर ठणठणीत होता. पॅनेलवर मात्र २३० येत होते, म्हणजे वाटेत ४ व्होल्ट गळत होते. केबल तांब्याची, ६ चौरस मिलिमीटरची, अंतर १५ मीटर, जाऊन-येऊन ३०. अशा तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे ३ ओहम, तेव्हा ३० मीटरला ०.०९. त्याला २१.४ने गुणलं की जवळजवळ २ व्होल्ट केबलच्या खात्यावर जातात. उरलेल्या दोनांचा हिशोब लागत नव्हता.

मग हातमोजे घालून चालू लोडवर एकेक तुकडा मोजत गेलो. एमसीबीच्या आत सुमारे ०.१ व्होल्ट, ठीक. एमसीबीच्या बाहेर जाणाऱ्या स्क्रूवर एक प्रोब, काँटॅक्टरच्या (हीटर चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या) स्क्रूवर दुसरा. मध्ये वीतभर तार. तिथे वीसेक मिलिव्होल्ट दिसायला हवेत. मीटरने १.९ व्होल्ट दाखवले.

१.९ भागिले २१.४ म्हणजे ०.०८९ ओहम. १.९ गुणिले २१.४ म्हणजे ४० वॅट. ही गोष्ट अजून माझ्या डोक्यातून जात नाही: त्या एका जोडाचा रेझिस्टन्स ३० मीटर केबलएवढा होता. केबलही ४० वॅट उष्णता सोडत होती, पण ३० मीटरभर पसरून, त्यामुळे हाताला कळतही नव्हतं. इथे तेवढेच वॅट एका स्क्रूखाली. मोठी सोल्डरिंग आयर्न एमसीबीला चिकटवून दिवसभर चालू ठेवावी, तसं ते होतं.

मल्टिमीटरला हे का दिसलं नाही? तो ओहम मोजताना जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतो, आणि त्याच्या प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ ओहम असतो. त्यात ०.०८९ कुठे शोधणार? असा जोड पकडायचा तर खरा लोडच वाहू द्यावा लागतो आणि व्होल्टेजला करंटने भागावं लागतं.

एमसीबीचंही कोडं सुटलं. ओव्हरलोडला तिच्या आतली द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि ती पडते. ती पट्टी करंटने तापली की शेजारच्या स्क्रूमुळे, हे पट्टीला कळत नाही. म्हणजे २५ची एमसीबी खरी तक्रार करत होती, आणि तिच्या जागी ३२ची बसवताना तीच काळवंडलेली तार पुन्हा स्क्रूखाली दाबली गेली. जुन्या तारेच्या निम्म्या धाग्यांवर इन्सुलेशनच चिमटलेलं होतं. जोड तापला की तांब्यावर ऑक्साइड चढतं, त्याने रेझिस्टन्स वाढतो, त्याने जोड आणखी तापतो. हे सगळं चालू असताना करंट मात्र किंचित कमी होत जातो. कोणती एमसीबी पडणार त्यावर?

सप्लाय बंद करून तार चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापली, टोकावर लग (धातूची टोपी) दाबून क्रिंप केला, माहितीपत्रकातल्या टॉर्कने आवळला आणि नवी २५ची एमसीबी घातली. त्याच दोन स्क्रूंमध्ये आता १८ मिलिव्होल्ट. हीटरवर २२८ व्होल्ट, करंट २१.६.

सुपरवायझरांनी आकडा बघून विचारलं, “दुरुस्तीनंतर करंट वाढला कसा?” प्रश्न रास्त होता, मला आवडला. मी त्यांना वहीतला भागाकार दाखवला: हीटर तोच, १०.५६चाच, फक्त आता त्याला त्याचे व्होल्ट मिळतायत. जोडात जळणारे वॅट भट्टीकडे गेले.

रजिस्टरमध्ये व्होल्ट, अँपिअर आणि ‘ओके’ एवढेच रकाने आहेत. जोडावरच्या मिलिव्होल्टला जागाच नाही, म्हणून मी तो आकडा समासात लिहिला आणि खाली सही केली. त्या कारखान्यात अशाच ‘मोठ्या केलेल्या’ एमसीबी आणखी काही पॅनेलांत आहेत. लोड चालू असताना प्रत्येक जोड मोजू द्या, असं मी लेखी मागितलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.