ग्लासगोत किरिबातीचं सोनं

ग्लासगोला जायचं ठरलं ते कुरुंदवाडसाठी. २०१४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या वेटलिफ्टिंग संघात शिरोळ तालुक्यातल्या या एका गावची तीन पोरं होती: गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी. माझे मामा त्याच तालुक्यातले आणि नेमके त्या उन्हाळ्यात माझ्याकडे लीड्सला आलेले. "आपली पोरं हितवर आल्यात आणि आपण घरात बसून टीव्ही बघायचा? गावात लोक तोंडात शेण घालतील," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. तिकिटं मिळाली, बाकीच्या खेळांच्या मानानं स्वस्त मिळाली, आणि आम्ही बसनं निघालो.

ग्लासगो जुनं जहाजबांधणीचं शहर. क्लाइड नदीच्या काठी जिथे गोद्या होत्या तिथे आता सभागृहं आणि हॉटेलं आहेत, आणि आठवण म्हणून एक अजस्र क्रेन उभी ठेवली आहे. शहरभर झेंडे, जॉर्ज स्क्वेअरमध्ये फोटो काढायला ग्लासगोचं भलंमोठं इंग्रजी 'जी' अक्षर, आणि जुलै असूनही पाऊस. मामांनी कानटोपी काढलीच नाही.

वेटलिफ्टिंग क्लाइड ऑडिटोरियममध्ये होतं. एकात एक सरकवलेल्या पत्र्याच्या चकाकत्या कमानी, म्हणून गावकरी त्या इमारतीला आर्माडिलो, म्हणजे अंगावर कवच असलेल्या एका प्राण्याचं नाव घेऊन बोलावतात. मामांनी एकदा बघितलं आणि "खवल्या मांजर हाय की गं हे" म्हणाले. आत मात्र खरंखुरं नाट्यगृह. गुबगुबीत खुर्च्या, अंधार, आणि रंगमंचावर प्रकाशात एकटा लाकडी चौथरा. खेळाडू एकेक करून येणार, खडूची पूड हाताला चोळणार, मिनिटभरात काय ते करून जाणार. मला तर हा खेळ मैदानापेक्षा रंगमंचावरच शोभतो असं वाटलं.

पहिल्याच दिवशी ५६ किलो गटात (हे किलो खेळाडूच्या स्वतःच्या वजनाचे) भारताच्याच सुखेन डेचं सुवर्ण आणि गणेशचं ब्राँझ. दोघांनी उचललेल्या एकूण वजनात फरक चार किलोंचा. मामांनी शिट्टी घातली तेव्हा आजूबाजूच्या स्कॉटिश बायकांनी दचकून वळून बघितलं आणि मग स्वतःही ओरडायला लागल्या. पुढे ओंकार आणि चंद्रकांतनंही ब्राँझ घेतलं. एका लहान गावाला तीन पदकं! यावर मामा आजही व्याख्यान देतात, ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की चंद्रकांतच्या ९४ किलो गटातलं सुवर्ण पापुआ न्यू गिनीच्या स्टीव्हन कारीनं नेलं, आणि मामांनी पहिल्यांदा विचारलं, "ही बेटावरची माणसं हितं एवढी कशी काय?"

त्याचं उत्तर मिळालं ते १०५ किलोच्या दिवशी.

त्या गटात आमचं ओळखीचं कुणीच नव्हतं. शेजारी एक निवृत्त स्कॉटिश शिक्षक बसले होते. तरुणपणी ते तारावावर, म्हणजे किरिबातीच्या राजधानीच्या बेटावर शिकवायला होते. त्यांच्या मांडीवर लाल झेंडा होता: समुद्रातून उगवणारा सूर्य आणि त्यावर पिवळा पक्षी. किरिबाती म्हणजे प्रशांत महासागराच्या मधोमध ३३ बेटं, सगळी जमीन गोळा केली तर मुंबईपेक्षा थोडीशीच जास्त, आणि माणसं लाखभर. १९७९पर्यंत इंग्रजांचं राज्य. तारावा म्हणजे वाळूची एक चिंचोळी पट्टी. रस्त्यावर उभं राहिलं की एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण, असं ते हातांनी दाखवत होते. जमीन समुद्रापासून दोनेक मीटर उंच. मोठी भरती आली की विहिरी खाऱ्या होतात. त्याच वर्षी त्यांच्या सरकारनं फिजीमध्ये सुमारे साडेपाच हजार एकर जमीन विकत घेतली होती. आधी शेतीसाठी, आणि वेळ आलीच तर राहायलाही.

मी हे सगळं मामांना मराठीत सांगत होते. महापुराच्या पट्ट्यातला माणूस, त्यांना दोन मीटर म्हणजे काय हे समजवावं लागलं नाही. एकरांवर मात्र ते अडले. "पाण्याची सोय हाय का जमिनीला? आणि सात-बारा कुणाच्या नावानं?" शिक्षकांना याचं उत्तर देता आलं नाही.

तेवढ्यात किरिबातीचा डेव्हिड काटोआटाऊ आला. बुटका, रुंद, मांड्या मुसळासारख्या. मायदेशी व्यायामशाळा नव्हती, त्यामुळे सुरुवातीला तो समुद्रकाठी उघड्यावरच सराव करायचा. ऊन चढलं की लोखंडी बार इतका तापायचा की हात लावता येत नसे, म्हणून पहाटे उठायचं. हा भाग वर्तमानपत्रांना फार आवडतो. पुढचा भाग कमी छापला जातो. तो प्रशांत महासागरातल्याच न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या नूमेआला गेला. तिथे पॉल कॉफा नावाच्या प्रशिक्षकानं वेगवेगळ्या बेटांवरची पोरं एकत्र आणून वर्षानुवर्षं घडवली. या खेळाला तलाव लागत नाही, घोडे लागत नाहीत, अकरा जणांचा संघ लागत नाही. एक बार, चकत्या आणि रोज ओरडणारा एक जाणकार माणूस पुरतो. कुरुंदवाडची गोष्ट तरी वेगळी कुठे आहे?

स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका झटक्यात थेट डोक्यावर न्यायच्या प्रकारात, त्यानं १४८ किलो उचलले. मग क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे बार आधी छातीवर आणि मग डोक्यावर न्यायच्या प्रकारात, बारवर २०० किलो चढले. वाकल्यावर त्यानं आधी अंगठा बारखाली घातला आणि त्यावर बोटं आवळली. बार छातीवर आला तेव्हा दोन्ही टोकांनी खाली लवत होता. तो उठला, एक श्वास घेतला, गुडघे किंचित वाकवले आणि वजन वर. कोपर सरळ. पाय जुळले. तीन पांढरे दिवे, म्हणजे तिन्ही पंचांना मान्य. एकूण ३४८.

आणि मग तो नाचला! कंबर हलवत, हात फिरवत, लग्नाच्या वरातीत घरचा पोरगा नाचावा तसा. सगळं सभागृह उभं राहून हसत होतं, टाळ्या वाजवत होतं. शेजारचे शिक्षक मात्र चष्मा काढून रुमाल शोधत होते. किरिबातीचं राष्ट्रकुल स्पर्धेतलं हे पहिलंच पदक, आणि तेही सुवर्ण. किरिबातीचं राष्ट्रगीत वाजलं तेव्हा ते म्हणणारे आमच्या बाजूला हे शिक्षक एकटेच होते.

कुणी म्हणेल की इथे चीन नाही, कझाकस्तान नाही, मग कसलं कौतुक. खरं आहे, ऑलिम्पिकचं मैदान वेगळं. पण २०० किलो ग्लासगोतही २०० किलोच असतात.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात जड गटात नाउरूच्या इट्टे डेटेनामोनं रौप्य घेतलं. नाउरू म्हणजे २१ चौरस किलोमीटर. आमची बस परतीच्या वाटेवर होती, त्यामुळे ते पाहायचं राहिलं. मामांना बातमी सांगितली तर म्हणाले, "आता न्हाई नवल वाटत."

त्यानंतर डेव्हिडनं जगाला उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. आमची बेटं बुडत आहेत, आम्हाला वाचवा, असं. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तो पुन्हा नाचला, लोकांनी किरिबातीकडे बघावं म्हणूनच नाचतो असं त्यानं सांगितलं, आणि या वेळी पदक नसतानाही जगभर त्याचे व्हिडिओ फिरले. मामांचा शिरोळहून फोन आला. "अगं, आपला किरिबातीवाला गडी पेपरात आलाय. फोटो केवढा मोठा छापलाय नाचतानाचा! पण गड्यानं वजन किती उचललं, ते शोधून शोधून दमलो बघ, कुठं लिहिलेलंच न्हाई."