ऑरेगॉनचे उन्हाळे

आज घरी आले आणि दिवा लावलाच नाही. बाहेर पाऊस. अमेरिकन गायक सूफ्यान स्टीव्हन्सचा ‘कॅरी अँड लोवेल’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. २०१५ चा अल्बम. कॅरी त्याची आई. तो वर्षाचा असताना ती घर सोडून गेली. पुढे लहानपणीचे काही उन्हाळे ऑरेगॉनमध्ये तिच्याजवळ, एवढंच काय ते. २०१२ मध्ये ती वारली. लोवेल हे सावत्र वडील. सूफ्यानने त्यांच्यासोबत मिळून रेकॉर्ड कंपनी काढली होती.

ड्रम्स जवळजवळ नाहीतच. बोटांनी छेडलेली गिटार आणि कानाशी येऊन बोलावं तसा आवाज. एका गाण्यामागे एसीची घरघर ऐकू येते. ती पुसून टाकली नाही, किती बरं झालं! त्या खोलीत आपणही बसलेलो असतो.

‘फोर्थ ऑफ जुलै’मध्ये गेलेली आई आणि मुलगा एकमेकांशी बोलतात. ती त्याला लाडाच्या नावांनी हाक मारत राहते. एरवी मी तिथेच बंद करते. आज नाही केलं. खूप रडले. जी आई नीट लाभलीच नाही, तिच्यासाठी माणूस इतकं तुटतं?

मग आईला फोन लावला. ती मेथी निवडत बसली होती.