तुम्ही विचारलंत म्हणून: खडे काढून वाळू घालायची तर

‘माशांच्या टाकीतले खडे काढून वाळू घालायची आहे, रविवारी एका दिवसात उरकेल ना?’ हा प्रश्न वरचेवर विचारला जातो. वाळू एका दिवसात घालून होते. तयारीला मात्र महिना-दीड महिना लागतो, आणि तो टाळला की चौथ्या-पाचव्या दिवशी मासे पाण्याच्या वर येऊन धापा टाकू लागतात.

आपल्याकडच्या बऱ्याच दोन फुटी टाक्यांत खड्यांखाली जाळीची प्लेट असते आणि कोपऱ्यात उभी नळी. हा अंडरग्रॅव्हल फिल्टर. एअर पंपाच्या जोरावर पाणी खड्यांमधून खाली ओढलं जातं आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवतात. म्हणजे तिथे खडे हाच फिल्टर असतो. ते काढून फेकले की टाकी दिसते स्वच्छ, पण अमोनिया पचवायला मागे कोणी उरत नाही. वाळू त्या प्लेटवर चालतही नाही, फटींतून खाली उतरते आणि प्लेट तुंबते.

म्हणून आधी स्पंज फिल्टर आणा, टाकीत सोडा आणि जुना फिल्टर चालू ठेवूनच चार ते सहा आठवडे चालवा, म्हणजे स्पंजवरही तेच जिवाणू वाढतात. या काळात स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा.

वाळू कोणती? स्विमिंग पूलच्या फिल्टरची सिलिका सँड, दाणा अर्धा ते एक मिलिमीटर. त्याहून बारीक वाळू घट्ट बसते. बांधकामाची क्रश सँड नको, तिच्या कडा धारदार असतात आणि भुकटी संपता संपत नाही. समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने पाणी जड होतं. शंका असेल तर चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर ती वाळू नको. दोन बाय एक फूट तळाला साडेतीन सेंटिमीटर थर द्यायला साधारण 10 किलो लागते. बादलीत एका वेळी दोन-तीन किलोच घ्या, हाताने ढवळा, पाणी ओता, आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. दहा-बारा पाणी सहज लागतात. इथे कंटाळा केला तर पुढे आठवडाभर टाकीत ताक दिसेल.

प्रत्यक्ष दिवशी माशांना खायला देऊ नका. हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा, गरम हीटर पाण्याबाहेर आला तर काच तडकते. तळ ढवळण्याआधी वरचं निम्मं पाणी सायफनने स्वच्छ बादल्यांत काढून ठेवा. पाणी उतरलं की मासे पकडणंही सोपं जातं. मासे आणि चालू स्पंज फिल्टर एकाच झाकलेल्या बादलीत ठेवा. मासे उडी मारतात, झाकण विसरू नका. खडे प्लास्टिकच्या मगाने काढा, धातूने काच ओरखडते. प्लेट उचलली की खाली तपकिरी, चिकट गाळाचा थर दिसेल. खाली उरलेलं पाणी गाळासकट कुंड्यांना घाला, टाकीत परत नको. भरलेली टाकी थोडीसुद्धा उचलू किंवा सरकवू नका, सिलिकॉनचे जोड सुटतात.

मोठे दगड आधी काचेवर टेकवा, मग भोवती वाळू. वाळूवर ठेवलेला दगड माशांनी खालून उकरला की कलंडतो. वाळूवर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडा. आधी साठवलेलं पाणी, मग अँटी-क्लोरीन घातलेलं त्याच तापमानाचं नवं. स्पंज फिल्टर लगेच सुरू करा, त्यात फिरणारा भाग नसल्याने वाळूने काही बिघडत नाही. मोटरचा फिल्टर असेल तर त्याचं तोंड वाळूपासून सात-आठ सेंटिमीटर वर हवं, नाहीतर इम्पेलर, म्हणजे मोटरचा फिरणारा पंखा, झिजतो.

जुन्या खड्यांतले दोन मुठी नायलॉनच्या मोज्यात बांधून फिल्टरजवळ महिनाभर ठेवा. पहिला आठवडा रोज अमोनिया तपासा. 0.25 पीपीएम (दहा लाखांत पाव भाग) दिसला तरी पाव टाकी पाणी बदला आणि खाणं दिवसाआड द्या. पहिल्या दिवसाचा गढूळपणा मातीचा असतो, त्याने मासे मरत नाहीत. तिसऱ्या दिवशी दुधाळ पाणी झालं तर ते जिवाणूंचं, तेव्हा अमोनियाकडे जास्त लक्ष हवं. जुने खडे संगमरवरी असतील तर पीएचही तपासत राहा. मुंबईसारख्या मऊ पाण्यात तो त्या खड्यांच्या आधाराने टिकलेला असतो, ते गेल्यावर हळूहळू घसरतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कोरीडोरस हे तळाशी चरणारे मिशीवाले मासे पाहा. टोकदार खड्यांवर आणि त्यांत साचलेल्या घाणीत त्यांच्या मिशा झिजून खुंट उरतात. वाळूत तेच मासे डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतात आणि कल्ल्यांतून वाळूची बारीक धार सोडतात. कुली लोच हा सापासारखा लांबट मासा तर स्वतःला संपूर्ण गाडून घेतो, फक्त डोकं बाहेर. असे मासे नसतील आणि फक्त रंग आवडला म्हणून पांढरी वाळू घालणार असाल, तर तिच्यावर प्रत्येक विष्ठेचा कण दिसेल आणि माशांचे रंगही फिके वाटतील. फिकट तपकिरी बरी.

साफसफाईत सायफनची नळी वाळूत खुपसायची नाही, बोटभर वर धरून गोल फिरवायची म्हणजे घाण तेवढी उचलली जाते. पंधरा दिवसांतून एकदा बोटाने वाळू अलगद हलवा, एका वेळी टाकीचा एकच कोपरा. काळे डाग दिसले आणि सडक्या अंड्याचा वास आला तर थर फार जाड झालाय, तिथली वाळू कमी करा.