जनमेजय, सव्यसाची, उद्दालक: मुलांसाठी लांबलचक नावं

मुलासाठी चार-पाच अक्षरी आणि वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव हवंय? मग नेटवरच्या याद्या बंद करा आणि महाभारतातलं विराटपर्व उघडा. आपण अर्जुनच आहोत, अशी राजपुत्र उत्तराची खात्री पटावी म्हणून अर्जुन तिथे आपली १० नावं कारणांसकट सांगतो. त्यातलं सव्यसाची आज सगळ्यात चालण्याजोगं. सव्य म्हणजे डावा. गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवेच, असं तो म्हणतो. श्वेतवाहन भारदस्त खरं, पण 'वाहना'वरून पोरं चिडवणारच. बीभत्सु मात्र नको. 'युद्धात किळसवाणं कृत्य न करणारा' हा अर्थ रोज कुणाकुणाला समजावणार? गुडाकेश या दहांत नाही, ते गीतेत येतं. गुडाका म्हणजे झोप. तिच्यावर ताबा असलेला तो गुडाकेश. पहिले काही महिने हे नाव आईबापांनाच जास्त शोभतं.

जनमेजय ठेवणाऱ्यांनी आधी फोड नीट बघावी. हा परीक्षिताचा मुलगा, सर्पसत्र करणारा राजा. 'जन्मतःच विजयी' हा अर्थ ऐकायला छान, पण चूक. जनम् + एजय, म्हणजे लोकांना थरथर कापायला लावणारा. घोळ उच्चारातून होतो. मराठीत मधला 'अ' गिळला जातो. लिहिताना पाच अक्षरं, बोलताना जन्-मे-जय. मग कुणीतरी 'जन्मेजय' लिहितं आणि दाखल्यावर एक, शाळेत दुसरं असं होऊन बसतं.

कठोपनिषदातल्या मुलाचं नाव संस्कृतात नचिकेता, मराठीत नचिकेत. मराठी रूपच घ्या. इंग्रजीत शेवटी 'ए' लागला की फॉर्म तपासणारा मुलगी समजतो.

नाव ठरलं नाही म्हणून जन्माची नोंद अडत नाही. ती नावाशिवाय होते. नोंदणीपासून वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेवढ्या वेळात इंग्रजी स्पेलिंग एकदाच पक्कं करा आणि आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे तेच ठेवा. नाव आजीला फोनवर एकदाच सांगून बघा. तिने परत विचारलं तर बाहेरही सगळे विचारणार.

टोपणनावाचाही अंदाज घ्या. बांधाला आडवा पडून पाणी अडवणारा आरुणी गुरूंच्या हाकेसरशी बांध फोडून उठला, म्हणून धौम्य ऋषींनी त्याला उद्दालक म्हटलं. नाव सुरेखच, पण शाळेत त्याचा 'उद्या' होणार, आणि गैरहजर राहिला की हजेरीला 'उद्या उद्या येईल' ठरलेलं.