फेन

मिनिकॉयला येऊन मला अकरा दिवस झाले होते आणि अकराही दिवस मी वाळूत बसून मासे मोजत होतो. होडी लागली की पट्टी घेऊन पुढे व्हायचं, थोबाडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत लांबी घ्यायची, पंचवीस-तीस माशांचं वजन करायचं आणि तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, तीन प्रश्न विचारायचे. किती वाजता निघालात? आमिष किती मिळालं? मासे किती? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा हसणंच मिळायचं. "लिख लो, जितना दिखता है."

मी रत्नागिरीचा. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, मिरकरवाड्याच्या जेटीवर दोन वर्षं हेच काम केलं. फेब्रुवारी 2019 मध्ये एका प्रकल्पाच्या कामावर लक्षद्वीपला जायचं ठरलं तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला, "तिकडे भाषा कुठली?" मी ठोकून दिलं, मल्याळम. कोचीहून जहाजात बसेपर्यंत दोन-चार वाक्यं पाठही केली होती. ती इथे उतरल्यावर फुकट गेली. लक्षद्वीपच्या दहा वस्तीच्या बेटांपैकी नऊ बेटांवर मल्याळमच्या जवळची जेसरी बोलतात. दहावं बेट म्हणजे हे. नकाशात बघा, बाकीची बेटं वर एकमेकांच्या हाकेवर आहेत आणि मिनिकॉय एकटंच खाली राहिलंय. मध्ये दोनशे किलोमीटरची 'नाइन डिग्री' खाडी. दक्षिणेला त्याहून कमी अंतरावर मालदीव सुरू होतो. इथली भाषा महल, म्हणजे मालदीवच्या धिवेहीचीच बोली. बेटाचं स्वतःचं नावही वेगळं, मलिकु.

भाषेची अडचण मात्र मला कधी आलीच नाही, आणि तेच चुकलं. इथला जवळजवळ प्रत्येक घरातला कोणी ना कोणी पुरुष बोटीवर असतो. होडीवर नव्हे, मोठ्या व्यापारी जहाजावर. त्यामुळे हिंदी सगळ्यांना येते. मी "पानी" म्हटलं की पाणी मिळायचं, "चाय" म्हटलं की चहा. अकरा दिवसांत मी महलचा एक शब्द शिकलो नव्हतो.

तर बाराव्या दिवशी एका तांडेलानं मला म्हटलं, "रोज किनाऱ्यावर विचारतोस, कधी येऊन बघ." साठीच्या पुढचे गृहस्थ. तीस वर्षं जहाजांवर काढलेली, मुंबईला बॅलार्ड पिअरला उतरून कुठे चहा प्यायचे ते मला सांगायचे. सगळी पोरं त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काका म्हणायला लागलो. गावाच्या प्रमुखाला इथे बोडुकाका म्हणतात हे मला ठाऊक होतं. आपल्या काकाशी त्याचा काही संबंध असेल-नसेल, पण हाक मारताना जीभ अडत नव्हती एवढं खरं.

पहाटे पाचला निघालो. बेट अर्धचंद्रासारखं, दहा किलोमीटर लांब आणि अरुंद. सायकलवरून जाताना काही ठिकाणी दोन्ही बाजूंचा समुद्र एकाच वेळी ऐकू येतो. पूर्वेकडे उघडा समुद्र आदळतो आणि पश्चिमेकडे लगून, प्रवाळांच्या भिंतीनं अडवलेलं उथळ पाणी. उजाडताना ते हिरवं नसतं, दुधासारखं असतं. दक्षिणेकडे 1885 सालचा दीपस्तंभ. तो विझायच्या आत आम्ही लगूनच्या मधोमध होतो.

मला वाटलं होतं आता भिंतीतल्या वाटेनं बाहेर जायचं आणि मासे पकडायचे. कसलं काय. आधी दोन तास आमिष. बोटाएवढे चंदेरी मासे, आणि तेही जिवंत हवेत. मेलेला चालत नाही. चार काठ्यांना बांधलेलं चौकोनी जाळं पाण्यात खाली सोडतात, वरून वाटलेली मासळी भुरभुरवतात आणि बारके मासे जमले की चारी बाजूंनी एकदम उचलतात. पहिल्या ठिकाणी जाळ्यात मूठभर आले. दुसऱ्या ठिकाणी तेवढेही नाहीत. कोणी काही बोलेना. काकांनी गॉगल लावून स्वतः पाण्यात डोकं घातलं आणि बराच वेळ खाली बघत राहिले.

वर आल्यावर म्हणाले, "बोधी नहीं है. घर ही नहीं है उसका."

बोधी हा आमिषाचाच एक मासा, लालसर, फांद्याफांद्यांच्या प्रवाळात लपून राहणारा. मी जाळ्याखाली बघितलं. फांद्या होत्या, पण पांढुरक्या-तपकिरी, शेवाळ धरलेल्या, मोडक्या. 1998, 2010 आणि 2016 साली पाणी तापून इथले प्रवाळ पांढरे पडले होते, हे मी अहवालांत वाचलं होतं. अहवालात प्रवाळ किती टक्के गेले ते असतं. तीन ठिकाणी जाळं टाकून दहा माणसं गप्प बसली की ते काय असतं, ते लिहायला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. 'आमिष शोधण्यास लागलेला वेळ' असा एक रकाना मी त्याच दिवसापासून हातानं आखायला लागलो.

तिसऱ्या ठिकाणी, वाळूच्या पट्ट्यावर, होंदेली मिळाले. काचेसारखे आरपार. ते होडीच्या पोटातल्या टाकीत ओतले. या टाकीच्या बुडाला भोकं असतात आणि समुद्राचं पाणी आत-बाहेर खेळत राहतं. होडीच्या बुडाला मुद्दाम भोकं पाडणारे लोक मी पहिल्यांदाच पाहिले. मिरकरवाड्यात सांगितलं तर मला वेड्यात काढतील.

बाहेर पडलो. भिंतीपलीकडे समुद्र एकदम निळाकाळा झाला आणि माझं पोट फिरलं. कोकणातला माणूस होडीत ओकतोय हे बघून दोन पोरांना फार आनंद झाला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लांब आडवा एक टँकर चालला होता. आखातातून पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांची ही वाट. एक पोरगा त्याच्याकडे हनुवटी दाखवून म्हणाला, "मेरा भाई ऐसे ही एक पे है." कुठल्या ते त्याला माहीत नव्हतं.

साडेनऊच्या सुमारास पक्षी दिसले. मग जे झालं ते पंधरा मिनिटांत झालं, आणि त्यातलं अर्धं मला नीट आठवत नाही. टाकीतले होंदेली ओंजळी-ओंजळीनं पाण्यात फेकले आणि होडीमागचं पाणी उकळायला लागलं. आपण ज्याला कुपा म्हणतो त्याचा हा लहान भाऊ, पट्टेरी पोटाचा. इथलं नाव काळुबिलामास. आठ जण मागच्या फळीवर काठ्या घेऊन उभे. दोरी काठीएवढीच, टोकाला पांढरं पीस बांधलेला गळ, आणि गळाला उलटा काटा नाही. मासा लागला की झटक्यात वर, डोक्यावरून मागे. दोरी सैल पडली की मासा आपोआप सुटून होडीत आपटतो आणि गळ पुन्हा पाण्यात. गळ सोडवायला कोणाला हात लावावा लागत नाही. दोन-तीन किलोचे मासे धपाधप माझ्या पायावर, पाठीवर पडत होते. फळीवर सतत ठोके, जणू कोणी पखवाज उलटा करून बडवतंय.

आता या सगळ्यात पाण्यावर फवारा मारत राहावा लागतो. वरून तुषार पडले की खाली बारक्या माशांची गर्दी आहे असं कुप्याला वाटतं, आणि त्याला वरची होडी नि माणसं दिसत नाहीत. पूर्वी हे काम माणसं हातानं करत, आता पंप असतो. तो पंप बंद पडला.

काका माझ्याकडे बघून ओरडले, "फेन! फेन!"

मी समुद्राकडे बघितलं. खरंच, पांढरा फेसच फेस. मी मान हलवली. "हो, हो," म्हटलं. माणूस एवढ्या गडबडीत मला देखावा दाखवतोय याचं कौतुकही वाटलं असावं.

"फेन!" या वेळी शिवी होती, ती भाषा न येताही कळली. मग हिंदीत, "अरे पानी मार, पानी!"

पायाशी बालदी होती. मी वही टाकली आणि पाणी उपसून मारायला लागलो. आधी सगळं एका पोराच्या पाठीवर गेलं, मग हात बसला. तोपर्यंत मधली दोन-तीन मिनिटं मासे बाजूला गेले होते. पुन्हा आले, पण पहिल्यासारखे नाहीत. नंतर कोणी मला बोललं नाही. पंपाला मात्र बरंच बोलले.

वही सापडली तेव्हा ती माशांच्या ढिगाखाली होती. रक्त, खवलं, पाणी. सकाळपासूनच्या वेळा, आमिषाचा अंदाज, गळाला लागलेल्या माशांच्या खुणा, सगळ्याचा एक गुलाबी डाग झाला होता.

दुपारी किनाऱ्याला लागलो तेव्हा मी तसाच बसून होतो. मासे वाळूत ओतले. ज्या घराची होडी होती त्या घरातली एक म्हातारी बाई येऊन ढिगापाशी बसली. इथे घर बाईचं असतं. आईकडून मुलीकडे जातं आणि नवरा लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला येतो. काका या घरचे जावई, वय साठीच्या पुढे असलं तरी जावईच. वाटण्या व्हायच्या आधी ती मोजणार होती. एकेक मासा शेपटीला धरून इकडून तिकडे ठेवायची आणि तोंडानं मोजायची. मी ऐकत नव्हतो, नुसतं कानावर पडत होतं.

एके, दे, तिने.

मी मान वर केली.

हतरे, फाहे, हये, हते. आठला कान अडखळला. मग नुवये. दिहये. दहा झाले की ती करवंटीचा एक तुकडा बाजूला ठेवायची आणि पुन्हा एके.

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. दुसऱ्या दहाला मी तिच्याबरोबर पुटपुटायला लागलो होतो. तीन तर तीनच आहेत. पाचाचा 'प' गेला आणि 'फ' आला. साताचा 'स' गेला आणि 'ह' आला. सुरतेकडचे लोक साताला 'हात' म्हणतात, तसंच. नऊ, दहा लपलेलेच नाहीत. मग डोक्यात एकामागून एक दिवे लागत गेले. मास म्हणजे मासा, हे तर पहिल्या दिवसापासून समोर होतं. काळुबिलामास, त्यात काळं बसलंय. वाळवलेल्या माशाला हिकी मास म्हणतात. 'ह'च्या जागी 'स' घाला, सुकी मासळी. आणि फेन. 'फ'च्या जागी 'प' घाला. पाणी. फेस नाही, पाणी!

आईला सांगितलं होतं मल्याळम. ही तर सिंहलीची बहीण आणि आपली लांबची का होईना, चुलत बहीण. अरबी समुद्रात एकटी पडलेली.

मी मोठ्यानं हसलो असणार, कारण बाईनं मोजणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मी बोट दाखवून म्हटलं, "तीन. पाच. सात. नऊ. दहा." तिनं कपाळाला आठ्या घातल्या. मग एक मासा उचलून माझ्यापुढे धरला. "मासा," मी म्हटलं. तिनं मागे वळून आत कोणाला तरी हाक मारली आणि पुढच्या पाच मिनिटांत ढिगाभोवती सात-आठ बायका जमल्या. मला अंक म्हणायला लावले. पुढे कुठेतरी आमची वाट वेगळी झाली, तेव्हा त्या कंटाळून मासे कापायला बसल्या.

करवंटीचे तुकडे मी मोजले. एकवीस, आणि वर चार मासे. दोनशे चौदा. माझ्या अकरा दिवसांच्या नोंदींमधला हा पहिला आकडा, ज्याबद्दल मला शंका नव्हती.

संध्याकाळी त्या घरी चहाला बोलावलं. परसात मोठ्या भांड्यात माशाच्या पट्ट्या उकळत होत्या. उकळून झाल्या की नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरायच्या, मग उन्हात. लाकडासारखं कडक होईपर्यंत. तेच मासमीन, महिनोन्‌महिने टिकणारं. पिण्याचं पाणी दिलं, किंचित मचूळ. बेटावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगत राहतं. विहिरीतून जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. 2011 पासून समुद्राचंच पाणी गोडं करणारा प्रकल्प इथे आहे. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफवायचं आणि साडेतीनशे मीटर खोलवरून आणलेल्या गार पाण्यानं ती वाफ थंड करायची. तरी चहाला विहिरीचंच बरं, असं म्हातारीचं मत. मी पेला पुढे करून म्हटलं, "फेन." तिनं पुन्हा भरला.

शाळेत जाणारी एक नात वहीत गिरवत होती, उजवीकडून डावीकडे. थाना लिपी. तिच्या आजोबांनी, म्हणजे काकांनीच, सांगितलं की या लिपीतली पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून आली आहेत. एकाचा 'ह' झाला. दिवसभर अंक ऐकल्यावर हे ऐकायला मिळालं म्हणून मी तिची वही घेऊन बघत बसलो. तिनं ती माझ्याकडून काढून घेतली. माझ्या वह्यांचं काय होतं ते तिच्या कानावर गेलेलं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पुन्हा धक्क्यावर गेलो. नवी वही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतली होती. काकांनी पिशवीकडे बघितलं, काही बोलले नाहीत. पंप अजून दुरुस्त झाला नव्हता. त्यांनी बालदी उचलून माझ्या हातात दिली.