आधी दोरा पेटवून बघायचा

मंगळवार, रात्री

दोऱ्याची नवी रिळं आज आली. शिरोलीच्या फाउंड्रीतल्या कामगारांचे कोट शिवायचे आहेत. त्यांना अॅरामिडचा, म्हणजे आगीला टिकणाऱ्या कृत्रिम तंतूचा, दोरा लागतो. व्यापारी शपथेवर सांगत होता, "अस्सल अॅरामिड आहे ताई." वीतभर तुकडा तोडला, चिमट्यात धरला आणि मेणबत्तीजवळ नेला. ज्योत लागायच्या आधीच दोरा आक्रसला, टोकाला काळा मणी धरला आणि तो टपकन खाली पडला. म्हणजे पॉलिएस्टर. अॅरामिड वितळत नाही, जागच्या जागी काळं पडतं आणि ज्योत काढली की विझतं. सगळी रिळं तशीच परत केली.

पॉलिएस्टर साधारण 260 अंशांना वितळतं. फाउंड्रीत ओतायला काढलेलं वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, 1400 च्या आसपास असतं. ठिणगी खांद्यावर पडली, कापड टिकलं आणि शिवणच उसवली, तर त्या भारी कापडाचा उपयोग काय? गिऱ्हाईक कापडाचं वजन विचारतं, कंपनी विचारतं, भाव तर विचारतंच. दोरा कुठला वापरता, हे मात्र कुणी विचारत नाही. याची मला मनापासून चीड येते.

म्हणून चाचणीची पट्टी मी शिवणीसकट कापते. दुपारी जुन्या रिळातल्या खात्रीच्या दोऱ्याने दुहेरी टीप मारलेली पट्टी उभी टांगली आणि खालच्या कडेला 12 सेकंद ज्योत धरली. प्रक्रिया केलेलं सुती कापड होतं. त्यातल्या फॉस्फरसमुळे ते भडकत नाही, कोळसा होऊन थांबतं. ज्योत हटवली तशी आग विझली, धुगधुगीही राहिली नाही. गार झाल्यावर दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं. काळ्या पडलेल्या भागातही टीप धरून होती. फार बरं वाटलं.

काजं करणाऱ्या मावशींनी विचारलं, "खिशाला एवढं मोठं झाकण कशाला गं?" त्यांना दाखवलं, उघड्या खिशात वितळलेल्या लोखंडाच्या रसाचा थेंब गेला तर तिथेच बसून जाळत राहतो. तो घरंगळून खाली गेला पाहिजे. पँटीची मोहरीही म्हणूनच बाहेरून दुमडायची नाही.

अॅरामिडला ऊन सोसत नाही, त्यामुळे खात्रीची जुनी रिळं कपाटात ठेवली. उद्या कॉलरच्या आत मराठीत पट्टी लावायची आहे: ब्लीच नको, सॉफ्टनर नको. धुणं घरी बायकाच धुतात, आणि आजवर त्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही.